मुकादम नको म्हणून वसलेलं गाव

आमच्याकडं बीडला सहकार म्हणलं की दोनच गोष्टी, सोसायटीचं कर्ज आणि कारखान्याची निवडणूक. आणि इस्राईल म्हणलं की ठिबक. दौऱ्यावर जाऊन आलेले लोक पुढं चार वर्षं ठिबकचंच सांगत बसतात (ते पण तिथल्या एका सामुदायिक गावातूनच आलं बरं का, हात्झेरिम, १९६५). पण माझ्या डोक्यात बसलंय ते देगानिया, गालीलच्या तळ्यातून जॉर्डन नदी बाहेर पडते तिथलं बारकं गाव.

सुरुवात झाली भांडणातून. १९०९ ला शेजारच्या किनेरेत फार्मवर ज्यू मजूर मॅनेजरला वैतागले, संप केला. मग ज्यू वसाहतींचं काम बघणाऱ्या आर्थर रुपिन नावाच्या अधिकाऱ्यानं नदीपलीकडची उम जुनीची जमीन सात जणांना वर्षभर कसायला दिली, सहा पुरुष अन् एक बाई, वर मॅनेजर नाही. वर्षाअखेर हिशेब चक्क नफ्यात! मग १९१० ला बारा जणांचा दुसरा गट आला, त्यात दोन बाया, आणि तो तिथंच राहिला. सुरुवातीला उम जुनी या अरब गावातल्याच मातीच्या घरात राहिले, म्हणजे मोकळ्या माळावर गाव उगवलं असं काही नाही, हे दौरेवाले सांगत नाहीत. दगान म्हणजे हिब्रूत धान्य, त्यावरून देगानिया.

जमीन एक, चूल एक, तिजोरी एक. त्यातल्या मिरियम बाराट्झला गोठ्यात काम पाहिजे होतं, पुरुष म्हणले हे बायांचं काम नाही (!!) मग ती शेजारच्या अरब बायांकडून गुपचूप धार काढायला शिकली. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर हसून हसून मेली असती, आमच्याकडं धार कायम तिनंच काढली.

गट मोठा झाला की घरपण जातं असं त्यांचं म्हणणं, म्हणून १९२० ला शेजारी देगानिया बेत वेगळं वसवलं. गावाशेजारी देशाची सीमा नंतर आली. १९१० ला सगळी तुर्कांचीच सत्ता होती, पुढं इंग्रज-फ्रेंचांनी रेघा मारल्या आणि गाव सीरिया अन् ट्रान्सजॉर्डनच्या कडेला आलं. २० मे १९४८ ला सीरियाचे रणगाडे थेट कुंपणाला भिडले, पेट्रोलच्या बाटल्या मारून थोपवले. त्यातला एक रणगाडा अजून तिथं उभाय.

हे सगळं मी आण्णांना, म्हणजे आमच्या चुलत्यांना सांगत होतो. त्यांनी वीसेक वर्षं ऊस तोडला. मुकादमाची उचल, ती फिटत नाही म्हणून पुढच्या साली परत तोच मुकादम. आणि कोयता चालवायचा सहकारी कारखान्यासाठी, ज्याचे सभासद ऊसवाले शेतकरी, तोडणाऱ्याच्या नावावर शेअर कुठला. माझं मत विचाराल तर आपल्या सहकाराची खरी गोम इथंच आहे, पण ते बोललं की लोक लगेच कोणत्या गटाचा ते विचारतात.

आण्णा म्हणले, मग आता कसंय त्यांचं? म्हणलं मोडलं की, २००७ ला ठरवलं, आता ज्याचा त्याचा पगार वेगळा.

आण्णांनी बोटांवर हिशेब लावला. "म्हंजी सत्त्याण्णव वर्षं टिकलं. आपली टोळी दसऱ्याला जमती अन् पाडव्याला फुटती."