आजीचं बोलणं प्रुफात हरवलं तेव्हा

माझ्या पहिल्या कादंबरीचं प्रूफ आलं तेव्हा मी गावी होतो. घरी कापसाचा वेचा सुरू होता. रात्री पानं उघडली आणि कादंबरीतली आजी ओळखूच येईना. मी लिहिलं होतं, "डोयाले दिसत नाई रे बाप्पा मले." छापलं होतं, "मला डोळ्यांनी दिसत नाही रे बाबा." शुद्धलेखनाची एकही चूक नाही, पण यवतमाळकडच्या बाईचं तोंडच बदललेलं! 'धुऱ्यावर'चं सगळीकडे 'बांधावर' झालं होतं.

प्रकाशकांना फोन केला. त्यांनी समजून घेतलं, पण वऱ्हाडी जाणणारा मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफ तपासणारा, तूच शोध म्हणाले. तालुक्याला एक निवृत्त गुरुजी हे काम करायचे. त्यांनी आधी एक वही काढली आणि कोण कसं बोलतं ते लिहून घेतलं. आजी : मले, डोया, पानी. सरपंच : घरी 'मले', सभेत 'मला'. पुण्यात शिकलेला नातू : प्रमाण मराठी.

निवेदनात, म्हणजे संवाद सोडून बाकीच्या मजकुरात, मात्र त्यांनी सूट दिली नाही. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962चे 14 नियम आणि 1972चे 4 त्यांना पाठ. मी सगळीकडे 'पिक' लिहिलं होतं; त्यांनी 'पीक' केलं, 'पिकाला' तसंच ठेवलं. चूक लाल पेनानं, शंका पेन्सिलीनं, ही त्यांची रीत मला फार आवडली. नातू बापावर ओरडतो त्या पानावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह होतं. गुरुजी म्हणाले, "त्याले राग आला न, मंग तो 'मला' कायले म्हनते?" पुढं पोळ्याच्या दिवशी मी सीतादही, म्हणजे कापूस वेचायला लागताना शेतात होणारी पूजा, घातलं होतं, तिथंही तीच खूण. पोळ्याला बोंडं फुटलेली नसतात, आणि सीतादही तर वेच्याच्या सुरुवातीला. शेतकऱ्याच्या पोरानं ही चूक करावी, याचं मला फार वाईट वाटलं. प्रकरण पुन्हा लिहिलं.

दुसऱ्या प्रुफाला वेगळाच घोळ. टाइप करणाऱ्यानं संगणकावर एका फटक्यात सगळ्या 'मला'चं 'मले' केलं होतं. 'कमलाबाई'ची 'कमलेबाई' झालेली लगेच दिसली. पण 'गाव जमला'चं 'गाव जमले' झालेलं मी दोनदा वाचूनही सुटलं होतं, कारण तोही शब्द बरोबरच! ते गुरुजींना सापडलं. मग मी हस्तलिखितातून मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी प्रुफावर बोट फिरवायचं, असं ठरलं. त्यांच्या ओसरीवर बसून आम्ही पुन्हा पान 1 पासून सुरुवात केली.