आमची वाटचाल : एका बाटलीच्या दोन बाटल्या

गोरेगावच्या आमच्या गाळ्यात पहिला पीएच मीटर (आम्लता मोजायचे यंत्र) आजही कपाटात जपून ठेवला आहे, कारण त्याने दाखवलेल्या आकड्याकडे पाहून मीच घेतलेल्या एका निर्णयाने धंदा बुडायची वेळ आली होती.

मुरुमांवरील प्रकाशोपचारासाठी अमिनोलेव्हुलिनिक आम्लाचा तयार विद्राव आम्ही त्वचारोगतज्ज्ञांना पुरवत असू. त्वचेत या आम्लापासून पॉर्फिरिन नावाचे, उजेड शोषणारे द्रव्य बनते, आणि मग त्यावर दिव्याचा उजेड टाकून उपचार होतो. हा विद्राव आम्लधर्मी असल्यामुळे झोंबतो, रुग्ण तक्रार करतात, असा तगादा आमच्या वितरकाने लावला, म्हणून मी कॉस्टिक सोड्याचे थेंब घालत पीएच ७च्या, म्हणजे ना आम्ल ना अल्क अशा पातळीच्या, जवळ आणला आणि माल रवाना केला. पंधरवड्यातच दादरच्या डॉक्टरबाईंचा फोन आला : "तीन तास झाले, रुग्णाचा चेहरा दिव्याखाली चमकत नाही. तुम्ही स्वतः येऊन बघा." एरवी वुड्स लॅम्पखाली, म्हणजे तपासणीच्या अतिनील दिव्याखाली, विद्राव लावलेला भाग विटकरी-गुलाबी चमकतो. त्या रुग्ण मुलीच्या नाकाच्या कडेला जीवाणूंच्या स्वतःच्या पॉर्फिरिनचे दोन-चार ठिपके तेवढे दिसत होते. बाटली खिडकीशी धरली, तर आतले पाणी पिवळे पडलेले. आम्लता कमी झाली की या आम्लाचे दोन-दोन रेणू आपसात जुळून निराळेच संयुग बनते आणि औषधाचा जोर जातो, हे मला माहीत असायला हवे होते.

सगळा माल परत मागवला. तो परत येत असतानाच त्या वितरकाने आमच्याच डॉक्टरांकडे स्वतःच्या नावाच्या बाटल्या नेल्या, आणि ज्या बदलासाठी त्याने माझ्यामागे लकडा लावला होता, त्याच बदलाचे नाव घेऊन आमची बदनामी केली. ते आजही सलते. डॉक्टरबाईंनी मात्र पुढच्या मालाचा धनादेश आगाऊ दिला. तेव्हापासून कोरडी पावडर एका बाटलीत आणि द्रावक दुसरीत, असाच माल जातो.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी प्रत्येक घाणा त्वचेवर लावून वुड्स लॅम्पखाली तपासावा, उपचाराच्या दिव्याची तरंगलांबी ६३० नॅनोमीटरच्या आसपास आहे ना हे मोजून घ्यावे, आणि उपचारानंतर ४८ तास उन्हात जाऊ नये हे रुग्णाला बजावण्याची विनंती डॉक्टरांना जरूर करावी. लोकलमधली खिडकीची जागाही टाळायला सांगावी. नेहमीचे सनस्क्रीन मुख्यतः अतिनील किरण अडवते, आणि इथे त्वचा भाजते ती डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाने.