उपाशीपोटी, नंबर सदतीस

आईची शुगर वाढलीय म्हणून गावातल्या डॉक्टरांनी सांगलीतल्या मधुमेहतज्ज्ञांकडे धाडलं. फोन लावला, नंबर मिळाला सदतीस. "सकाळी उपाशीपोटी या, रक्त द्यावं लागेल," एवढं बोलून पलीकडून फोन ठेवला.

तासगावहून पहिली एसटी धरली आणि साडेआठला विश्रामबागेत हजर. काउंटरवरच्या मॅडमनी केसपेपर केला, पैसे घेतले. "बसा, नाव पुकारते." बसलो. दहा वाजले, साडेदहा झाले. मधेच औषध कंपन्यांचे बॅगवाले दोन एमआर आत जाऊन आले. आई तोंडानं काही बोलत नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसते. ते बोट थरथरायला लागलं तसा मी उठून मॅडमना विचारलं.

"अहो, रक्ताला नंबर कशाला लागतोय? लॅब मागच्या जिन्याखाली हाय. आल्या आल्या द्यायचं असतंय की!"

मला काय स्वप्न पडणार होतं?

लॅबमधला पोरगा मात्र कामाचा निघाला. सुई टोचून झाल्यावर म्हणाला, "आजी, आता रोजच्यासारखं खावा. पहिला घास घ्याल तिथनं दोन तास धरायचे, जेवून उठल्यापासनं न्हाई. मधे च्या-बिस्कीट नको, पाणी चालतंय." पाणी तर सकाळपासूनच चालत होतं म्हणे! आईनं कडक एकादशी धरली होती. पायरीवर बसून तिनं डब्यातली भाकरी आणि मेथी खाल्ली. पहिला घास दहा पन्नासला. दुसरं रक्त एकला दहा कमी असताना दिलं, रिपोर्ट दोननंतर आला आणि तोवर डॉक्टर जेवायला गेले. संध्याकाळची ओपीडी पाचला.

डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. पंधरा मिनिटं दिली, पायाचे तळवे स्वतः तपासले. एचबीएवनसी ८.४ आलं होतं. "ही मागच्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी. याला उपाशी राहायला लागत नाही," ते म्हणाले. आई लगेच, "म्हंजे दुधाचं रोजचं फॅट न्हवं, डेअरीचं बिल." डॉक्टर हसले. "तेच. ते बिल सातच्या आत आणायचं."

घरी पोचायला रात्रीचे नऊ.

तीन महिन्यांनी मी शहाणा झालो होतो. रक्त आदल्या दिवशीच तासगावात दिलं, रिपोर्ट मोबाईलवर घेतले, आठ वाजायच्या ठोक्याला फोन लावून नंबर सहा मिळवला. साडेअकराला आम्ही परतीच्या गाडीत. एचबीएवनसी ७.३. निघताना मॅडमना म्हटलं, "रक्ताचं तेवढं एका कागदावर लिहून भिंतीला लावा की." म्हणाल्या, "सांगते सरांना."

परवा तिसऱ्यांदा गेलो. भिंतीवर कागद नव्हता. बाकावर जतकडचे एक आजोबा हातात रिकामी पिशवी धरून बसले होते. "उपाशी हाय सकाळपासनं," म्हणाले. त्यांना जिन्याखाली मीच सोडून आलो.