काळ्या खड्याच्या कडेचा लाल रंग

रत्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काळा खडा आला की फारशी कोणाला उत्सुकता वाटत नाही, कारण बहुतेक वेळा तो ऑनिक्स, काळी तोरमल्ली किंवा काळा स्पिनेल निघतो आणि काम लवकर उरकते. वडिलांचा खनिजसंग्रह वारशाने मिळालेल्या एका गृहस्थांनी त्या दिवशी आणलेल्या डबीवरही 'काळी तोरमल्ली' अशीच चिठ्ठी होती. तो खडा अंगठीत बसवण्यापूर्वी त्यांना त्याची खात्री करून हवी होती. त्याच कप्प्यात सापडलेला मुठीएवढा एक दगडही त्यांनी सोबत आणला होता. त्यावरच्या पांढऱ्या थरातून चकचकीत काळे स्फटिक वर आलेले होते. "हा चुना खरवडून काढता येईल का?" असे त्यांनी विचारले. आधी खडा पाहू, असे सांगून मी दगड बाजूला ठेवला.

खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो, म्हणजे त्याचा अपवर्तनांक किती, हे मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर खड्याचा मोठा पैलू टेकवून ध्रुवणपट्टी फिरवली, तेव्हा सावलीची कड एकदा १.६९ च्या आसपास आणि एकदा १.७३ च्या वर दिसली. काळ्या तोरमल्लीचा अपवर्तनांक सहसा १.६७ च्या पुढे जात नाही. स्पिनेलचा १.७२ च्या जवळ असतो खरा, पण त्यात दुहेरी अपवर्तन, म्हणजे अशी दोन वेगळी मूल्ये, नसतात. काळ्या डायोप्साइड या आणखी एका खनिजाचा विचार मनात आला, परंतु त्याचे वरचे मूल्यही इतके चढत नाही. विशिष्ट गुरुत्व ३.२ भरले. केवळ या आकड्यावर विसंबले असते, तर डबीवरची चिठ्ठी बरोबर ठरली असती, कारण लोहयुक्त तोरमल्लीचेही ते तेवढेच असू शकते. काळ्या खड्यांच्या बाबतीत एका मोजमापावर निकाल देण्याची घाई म्हणूनच मला पटत नाही.

त्यानंतर प्रकाशतंतूचा झोत खड्याच्या मागून कडेवर रोखला. मधला भाग कोळशासारखा काळाच राहिला, मात्र खड्याच्या कमरेजवळच्या, म्हणजे सर्वांत रुंद घेराजवळच्या पातळ कडेतून गडद, तपकिरीकडे झुकणारा लाल रंग पाझरला. हा रंग दिसल्यावर माझा अंदाज नेपच्युनाइट या काळ्या खनिजाकडे वळला आणि बाजूला ठेवलेल्या दगडाला एकदम महत्त्व आले.

त्यावरचे स्फटिक लांबट, जवळजवळ चौकोनी छेदाचे आणि टोकाला तिरपे निमुळते होत गेलेले होते. तोरमल्लीचा फुगीर त्रिकोणी छेद आणि उभ्या रेघा त्यांच्यात कुठेच नव्हत्या. दगडावरून आपोआप गळलेला एक कण बिनझिलईच्या चिनीमातीच्या फरशीवर घासला, तर कस, म्हणजे उमटलेल्या भुकटीचा रंग, तांबूस तपकिरी आला. पांढऱ्या थरात एका ठिकाणी निळसर ठिपका अडकलेला होता. अंधारात लघुतरंग अतिनील दिवा लावताच काळे स्फटिक निपचित राहिले आणि तो ठिपका तेवढा लख्ख निळा उजळला. तो बेनिटोइट हे निळे खनिज होता. ज्याला ते गृहस्थ चुना म्हणत होते, त्या पांढऱ्या नॅट्रोलाइट खनिजामध्ये नेपच्युनाइट आणि बेनिटोइट असे शेजारी शेजारी दिसले, की कॅलिफोर्नियातील सॅन बेनिटो परगण्याचे नाव जाणकाराच्या ओठांवर येतेच. पुढे खड्याचा आणि स्फटिकाचा रामन वर्णपट (लेसर प्रकाश विखुरून मिळणारी खनिजाची ओळखखूण) एकमेकांशी आणि नेपच्युनाइटच्या संदर्भ वर्णपटाशी जुळला.

लिथियम, सोडियम, पोटॅशियम, लोह, मँगनीज आणि टायटॅनियम असलेल्या या सिलिकेटचे पहिले वर्णन स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ गुस्ताफ फ्लिंक यांनी १८९३ मध्ये ग्रीनलंडमधील नमुन्यांवरून केले. तेथे ते एजिरिन या दुसऱ्या खनिजाच्या सोबतीने आढळले होते. एजिरिनला स्कँडिनेव्हियन सागरदेवाचे नाव असल्यामुळे त्याच्या सोबत्याला रोमन सागरदेवाचे नाव मिळाले. सॅन बेनिटोच्या स्फटिकांना मात्र सुरुवातीला कार्लोसाइट असे वेगळे खनिज मानले गेले होते.

पैलू पाडणाऱ्यासाठी हे खनिज पेच घालणारे आहे. खडा मोठा ठेवला तर लाल रंग आतच कोंडला जातो, आणि तो दिसावा म्हणून खडा लहान वा पातळ केला तर स्फटिकाचा बराचसा भाग वाया जातो. शिवाय पाटन, म्हणजे ठरावीक पातळीवर दुभंगण्याची प्रवृत्ती, ठळक असल्यामुळे घासताना तुकडा उडण्याची धास्ती असते. माझे वैयक्तिक मत असे, की अखंड स्फटिकाच्या डौलापुढे पैलूदार खडा उणाच वाटतो. संग्राहक तरीही दोन्ही जपतात.

अंगठीचा बेत सोडून द्यावा, असे मी त्या गृहस्थांना सुचवले. मोह्झच्या १ ते १० या मापावर नेपच्युनाइटचे काठिण्य ५ ते ६ आणि घरच्या धुळीत असणाऱ्या क्वार्ट्झचे ७, त्यामुळे रोजच्या वापरात पैलूंची चमक जायला फार दिवस लागत नाहीत. खरवडण्याचा विचार तर त्यांनी मनातूनच काढावा, हे मी जरा जोर देऊनच सांगितले. नॅट्रोलाइट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतो आणि नेपच्युनाइट व बेनिटोइट त्यात टिकून राहतात. म्हणून असे नमुने आम्लानेच मोकळे करतात, पण ते काम सरावलेल्या हातांचे आहे.

"मग सगळाच थर काढून घेऊ का?" त्यांनी विचारले. वरचा काढला तरी तळाचा थर आणि त्यातला निळा ठिपका राहू द्यावा, असे मी अहवालासोबतच्या पत्रात लिहून दिले. जुन्या चिठ्ठीवर ठिकाणाची नोंद नव्हती आणि दगड कुठला, हे सांगणारा पुरावा तेवढाच होता.