निळा वाडा, पाच चौक

आज मलेशियातल्या पेनांगच्या जॉर्ज टाउनमधला चाँग फात त्झे या चिनी व्यापाऱ्याचा वाडा पाहिला. बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. 38 खोल्या, 5 चौक, 220 खिडक्या. नजर खिळते ती रंगावर. चुन्यात नीळ कालवून दिलेला हात! चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, पोपडे सुटतात. जुन्या घरांच्या दुरुस्तीत हीच चूक सर्रास होते, फार वाईट वाटतं. चौकातून गरम हवा वर निघून जाते, पाऊस थेट ग्रॅनाइटच्या फरशीवर. आणि छपरावरची फुलं-पक्षी बघतच राहावीत: रंगीत चिनी मातीची भांडी पकडीने तोडून, एकेक तुकडा चुन्यात बसवलेला.