जेवणाआधी उपासना

मी शिकागोतल्या एका मिशनच्या स्वयंपाकघरात शनिवारी कामाला जातो हे घरी कळल्यापासून फोनवर हमखास एक प्रश्न येतो. "जेवायला घालून बाटवतात का रे तिथं?" मावशी विचारते, काका विचारतात, आता भाच्यानंही विचारलं. प्रश्न अगदीच अस्थानी नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

मिशन म्हणजे बेघरांसाठीचा रात्रनिवारा. संध्याकाळी दाराशी रांग लागते. पिशव्या तपासल्या जातात, कोट आणि स्वेटर ढेकणांसाठी गरम ड्रायरमधून फिरवून काढतात. मग आंघोळ, मग उपासना, मग जेवण आणि खाट. खरी मेख या क्रमात आहे. बाहेर उणे १५ असताना प्रवचनाला 'नको' कोण म्हणेल? मला हे आजही खटकतं. पण मागच्या बाकांवर निम्मे लोक बसल्या बसल्या घोरत असतात आणि त्यांना कुणी उठवत नाही. त्या जागेतलं सगळ्यात ख्रिस्ती काही असेल तर ते हेच, असं माझं मत.

ही रीत जुनी आहे. नदीवर चोऱ्या करणारा, सिंग सिंगच्या तुरुंगात राहून आलेला जेरी मॅकॉली यानं १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉटर स्ट्रीटवर असं पहिलं मिशन काढलं. शिकागोत १८७७ साली जॉर्ज आणि सारा क्लार्क या जोडप्यानं सुरू केलेलं पॅसिफिक गार्डन मिशन आजही चालू आहे. बिली संडे हा बेसबॉलपटू तिथल्याच उपासनेत बदलला आणि पुढे देशभर गाजलेला प्रवचनकार झाला. तिथं आलेल्या लोकांच्या आयुष्यांवर १९५० पासून रेडिओ नाटिका होतात.

आता ज्याच्यासोबत मी बटाटे सोलतो त्याच्याबद्दल. छपरं घालायचं काम करायचा. पाठ गेली, काम गेलं, बायको गेली, आणि दारू मात्र राहिली. शेवटी गाडीत झोपायचा, मग गाडीही गेली. इथं येण्याआधी तो रुग्णालयात होता, कारण बरीच वर्षं भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर झटके येतात, भास होतात, कधी जीवही जातो. ते काम प्रार्थनेचं नाही, डॉक्टरांचं आहे आणि हे मिशनवालेही मानतात. आता तो मिशनच्याच व्यसनमुक्तीच्या निवासी कार्यक्रमात आहे. सकाळी बायबलचा वर्ग, मग स्वयंपाकघर किंवा कपडे धुण्याचं काम, संध्याकाळी बैठक. त्याचे हात अजून थोडे थरथरतात, त्यामुळे सालीबरोबर अर्धा बटाटाही जातो. आचारी बघतो आणि काही बोलत नाही.

एका रविवारी त्यानं सगळ्यांसमोर साक्ष दिली, म्हणजे श्रद्धेनं आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगितलं. मला वाटलं होतं, आता आकाशातून उजेड पडल्याची गोष्ट ऐकायला मिळणार. तो म्हणाला, "सुरुवातीला मी खाटेसाठी राहिलो, यातल्या एका शब्दावर माझा विश्वास नव्हता. मग एका रात्री प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी प्यावंसं वाटलंच. फक्त ते कुणाला तरी सांगता आलं."

आणि बाटण्याचं म्हणाल, तर त्याचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालाय. आजी चर्चला न्यायची, तो पळून जायचा. इथं येणारे बहुतेक असेच. धर्म तोच राहतो, माणसाचा दिवस बदलतो. आपल्याकडे एखादा माळ घालतो आणि बाटली सोडतो, मग गावही त्याच्या माळेकडे लक्ष ठेवून असतं, त्यातलाच हा प्रकार.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या चळवळीचा सहसंस्थापक बिल विल्सनही १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी मिशनमध्ये गेला होता, आणि तोही पिऊन. पुढच्या वर्षी अ‍ॅक्रनमध्ये डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि ती चळवळ उभी राहिली. तिनं ख्रिस्ताचं नाव बाजूला ठेवून 'आपल्याला उमगेल तो ईश्वर' एवढंच ठेवलं. मला ते जास्त पटतं. माझ्या या सोबत्याला पटत नाही. त्याला नाव हवं असतं.

जिथं माझं मिशनवाल्यांशी जमत नाही ते सांगतो. हेरॉइन, फेंटॅनिल यांच्या व्यसनात मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं मृत्यू टाळतात. तरी काही ठिकाणी 'हेही व्यसनच' म्हणून ती घेणाऱ्याला कार्यक्रमात घेत नाहीत. काही दिवस नशा बंद ठेवल्यावर शरीराची ती पचवायची सवय मोडते आणि मग जुनाच डोस जीवघेणा ठरतो. अशा वेळी श्रद्धेच्या नावानं औषध नाकारणं मला क्रूर वाटतं.

दुसरा वाद घराचा. मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उलटा क्रम लावून दाखवला. आधी घराची किल्ली, दारू सोडण्याची अट नाही, उपासनेची तर नाहीच. बेघरपण संपवण्यात तो मार्ग खरंच चालला. मी हे माझ्या सोबत्याला सांगितलं तेव्हा तो सोलाणं खाली ठेवून हसला. "मला तेव्हा किल्ली दिली असती तर आधी बाटली घेऊन आत गेलो असतो." शेजारी कांदा चिरणारा मात्र म्हणाला, "मला दिली असती तर मी इथं आलोच नसतो, आणि बराही झालो असतो." दोघांचं तिथंच जुंपलं, सूपाचं भांडं मलाच उतरवावं लागलं.

त्याचा कार्यक्रम आता संपत आलाय. तो खोली शोधतोय, पण अर्ज भरला की घरमालक जुन्या अटकेची नोंद काढतात आणि फोन करणं बंद करतात. पाळकांनी शिफारसपत्र दिलंय. त्याच्या तीन प्रती काढून त्यानं एप्रनच्या खिशात ठेवल्यात, आणि मंगळवारी आणखी एक खोली बघायला जायचंय.