तुम्ही विचारलंत म्हणून : फूड टूर घ्यायची ती कधी?

परदेशाची तिकिटं काढली की ओळखीतलं कुणी ना कुणी मला विचारतंच, "तिथे गाईडबरोबर फिरून खायची ती फूड टूर घ्यावी का? आणि घ्यायची तर कधी?" घ्यावी का, हे गावागावावर आहे. कधी, याचं उत्तर मात्र ठरलेलं: पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी.

बहुतेक जण ती शेवटच्या संध्याकाळी ठेवतात, निरोपाची मेजवानी म्हणून. मला हे कधीच पटलेलं नाही. टूरमध्ये पोटात जातं ते थोडंच. तिथे जे कळतं ते पुढचे सगळे दिवस कामी येतं. स्पेनमधलं सान सेबास्तियान घ्या. जुन्या भागात बारला लागून बार, आणि काउंटरवर पिंचोंच्या, म्हणजे घासाघासाच्या छोट्या पदार्थांच्या, थाळ्या मांडलेल्या. एका काडीला ऑलिव्ह, लोणच्यातली हिरवी मिरची आणि अँकोवी ही खारवलेली छोटी मासळी टोचलेली असते, ती हिल्दा. शेजारी पावाच्या तुकड्यांवर काय काय रचलेलं. नवखा माणूस पहिल्याच बारमध्ये ताटली गच्च भरतो, बसायला जागा शोधतो आणि तिथेच त्याचं जेवण उरकतं. गाईड काय करते, तर काउंटरवर खिळलेली तुमची नजर मागच्या फळ्याकडे वळवते. गरम पदार्थ त्या फळ्यावर लिहिलेले असतात आणि सांगितल्यावर आतून करून येतात. बऱ्याच ठिकाणी खरी चव तिथेच असते. गावातली माणसं उभ्याउभ्या एखाददुसरा पदार्थ खातात, सोबत उंचावरून ओतलेली चाकोली वाइन घेतात, पैसे चुकते करतात आणि पुढच्या बारमध्ये शिरतात. ही रीत एकदा अंगवळणी पडली की उरलेल्या संध्याकाळी गाईड लागत नाही. विमानतळावर निघायच्या आदल्या रात्री ती कळून काय करायचं?

पोचल्या दिवशीच मात्र नको. विमान रखडतं, डोळे मिटायला लागतात, आणि तिसऱ्या थांब्यावर समोर काय आलं याची शुद्ध नसते.

वारही बघा. टोकियोचा घाऊक मासळी बाजार 2018 साली त्सुकिजीहून तोयोसूला हलला. त्सुकिजीच्या बाहेरच्या गल्ल्यांतली दुकानं आणि खाण्याचे ठेले मात्र आहेत तिथेच आहेत. पण सगळा कारभार सकाळचा. दुपारी दोनच्या सुमारास आवराआवर होते, बुधवारी-रविवारी बरीच दुकानं बंद. तिथली संध्याकाळची टूर कुणी विकत असेल तर तो दाखवणार काय, शटरं?

सिंगापूरला मी टूर घ्या म्हणणार नाही. तिथल्या हॉकर संस्कृतीला, म्हणजे एका छपराखाली मांडलेल्या खाण्याच्या ठेल्यांच्या रिवाजाला, 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं, पण तिचं खरं सुख सोपेपणात आहे. पाट्या इंग्रजीत, किंमत समोर, बहुतेक ठिकाणी फोटोही. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ते कुणीतरी अडवलंय एवढं समजलं की झालं. जिथे पाटीवरून काही कळत नाही, एक ठेला एकच पदार्थ करतो आणि चांगला ठेला आत गल्लीत दडलेला असतो, उदाहरणार्थ हनोईत, तिथे गाईडचे पैसे वसूल होतात. गट लहान बघा. पंधरा माणसं घेऊन कुणी अरुंद गल्लीत नीट खाऊ घालू शकत नाही.

तुम्ही शाकाहारी असाल किंवा कशाची अ‍ॅलर्जी असेल, तर बुकिंग करतानाच कळवा. जागेवर सांगून उपयोग नसतो. जपानमध्ये सुकवलेल्या बोनिटो माशाचं दाशी, म्हणजे स्वयंपाकात वापरायचं चवीचं पाणी, मिसो सूपमध्ये असतं, नूडल्सच्या रश्शात असतं, शिजवलेल्या पालेभाजीतही असू शकतं. व्हिएतनाममध्ये तेच काम फिश सॉस करतो. ठेलेवाला तुमच्यासाठी वेगळं पातेलं चढवणार नाही, म्हणजे थांबेच बदलावे लागतात. म्हणून मी आधी विचारते, कोणता थांबा गाळाल आणि त्याऐवजी काय द्याल? नीट नावानिशी उत्तर आलं तर पैसे भरते. नुसतंच "काळजी करू नका" आलं, तर दुसरी टूर शोधते.